डंपरमधली वाळू किती बारीक? कणांचा आकार मोजण्याच्या पद्धती आणि मोबाइल कॅमेऱ्याची मर्यादा

आज विषय थोडा वेगळा आहे. फोनची बॅटरी नाही, रिचार्ज प्लॅन नाही, तर वाळू आणि खडी. पण थांबा, यात मोबाइल आहे, कॅमेरा आहे आणि माझी एक महागात पडलेली चूकसुद्धा आहे.

मी डोंबिवलीची. माझा मामा कल्याणला इमारत दुरुस्तीची छोटी कामं घेतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या एका साइटवर प्लास्टरसाठी क्रश सँडचा डंपर आला. मामाने मूठभर माल हातात घेऊन चोळला, तळहाताकडे बघितलं आणि म्हणाला, "डस्ट जास्त वाटतेय गं." डंपरवाला म्हणाला, "शेठ, सगळीकडे हाच माल आहे." मी तेव्हा नुकतंच फोटोवरून कणांचा आकार मोजायला शिकले होते. मोठ्या ऐटीत म्हटलं, "मामा, थांब, मोबाइलवर बघून सांगते." फोटो काढला, मोजमाप केलं, आकडे छान आले. माल उतरवून घेतला.

महिन्याभरात एका भिंतीवर जाळ्यासारख्या बारीक भेगा आल्या. भेगा पाणी कमी मारल्यामुळेही येतात, सिमेंटचं प्रमाण चुकल्यामुळेही येतात, म्हणून लगेच मालाला दोष दिला नाही. उरलेल्या वाळूचा नमुना लॅबमध्ये दिला. अहवाल आला तेव्हा कळलं की मामाचा तळहात बरोबर होता आणि माझा फोन चूक. ती भिंत मामाने स्वतःच्या खर्चाने खरवडून पुन्हा केली.

फोन नेमका कुठे चुकला, हे समजून घेण्यासाठी मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं ते सगळं इथे एकत्र देतेय.

कणांचा आकार इतका महत्त्वाचा का?

वाळू, खडी, कोळसा, लोहखनिज, सिमेंट, धान्य असा जो माल पोत्यात न भरता सुटा नेला जातो, त्याला बल्क माल म्हणतात. मोबाइलचा बॉक्स मोजता येतो, एक, दोन, तीन. सुट्या मालात असं मोजता येत नाही. एका डंपरमध्ये अब्जावधी कण असतात आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. म्हणून "या मालाचा आकार किती?" हा प्रश्नच अर्धवट आहे. खरा प्रश्न असा की कुठल्या आकाराचे कण किती टक्के आहेत. याला कण-आकार वितरण म्हणतात आणि बांधकामात साध्या भाषेत ग्रेडिंग.

चांगल्या काँक्रीटमध्ये मोठ्या खडीमधल्या फटी लहान खडी भरते, तिच्यातल्या फटी वाळू भरते आणि वाळूमधल्या सिमेंट. कण सगळे एकाच मापाचे असतील तर फटी उरतात. धूळ फार असेल तर ती जास्त पाणी मागते. पाणी वाढवलं की सुकताना आकुंचन वाढतं आणि भेगा पडतात. आमच्या भिंतीवर हेच झालं.

आपल्याकडे हा माल येतो कुठून?

लोकलने कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना खिडकीतून खाडी दिसते. तिथल्या भागाचं नावच रेतीबंदर. डोंबिवली पश्चिमेला मोठागावला रेतीबंदर आहे, कल्याणलाही आहे. उल्हास नदी आणि खाडीतून काढलेली रेती होड्यांनी आणि बार्जने या बंदरांवर उतरायची, तिथून ट्रकने सगळीकडे जायची. नावं त्यावरूनच पडली.

खाडीच्या रेतीत मीठ असतं, ते धुऊन काढलं नाही तर आतली सळई गंजते. शिवाय बेसुमार उपशाने खाडीचं नुकसान होतं, म्हणून निर्बंध वाढत गेले. त्यामुळे आता बहुतेक कामांवर दगड फोडून बनवलेली वाळू दिसते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो खाणीतून क्रशरवर जातो, तिथे फुटतो आणि चाळला जातो. वेगवेगळ्या जाडीची खडी, बारीक ग्रिट, क्रश सँड आणि अगदी तळाला राहते ती डस्ट. २०२५ साली राज्य सरकारने या कृत्रिम वाळूसाठी, म्हणजे एम-सँडसाठी, स्वतंत्र धोरणही आणलं.

एक टीप. "मेटल एक, मेटल दोन" ही नावं गावोगाव वेगळ्या अर्थाने वापरली जातात. ऑर्डर देताना नाव सांगू नका, मिलिमीटर सांगा. १० मिमी, २० मिमी, असं.

पद्धत १: चाळण्या, सगळ्यात जुनी आणि आजही प्रमाण

घरी रवा-मैदा चाळतो तसंच, फक्त एकाखाली एक अशा अनेक चाळण्या. वाळूसाठी भारतीय मानकातली मापं अशी: १० मिमी, ४.७५ मिमी, २.३६ मिमी, १.१८ मिमी, ६०० मायक्रॉन, ३०० मायक्रॉन आणि १५० मायक्रॉन. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी. सगळ्यात खाली बंद तळाचं भांडं, त्याला पॅन म्हणतात. चाळायची पद्धत आयएस २३८६ च्या पहिल्या भागात दिलेली आहे आणि निकाल कुठल्या मर्यादेत हवा ते आयएस ३८३ मध्ये. आयएस ३८३ ची सध्याची आवृत्ती २०१६ ची आहे.

नमुना आधी पूर्ण सुकवायचा, वजन करायचं, चाळायचं आणि प्रत्येक चाळणीवर उरलेल्याचं वजन घ्यायचं. आमच्या उरलेल्या वाळूचा १००० ग्रॅमचा हिशेब असा होता:

- ४.७५ मिमी वर उरले ६० ग्रॅम, खाली गेले ९४ टक्के
- २.३६ मिमी वर उरले १८० ग्रॅम, खाली गेले ७६ टक्के
- १.१८ मिमी वर उरले १७० ग्रॅम, खाली गेले ५९ टक्के
- ६०० मायक्रॉनवर उरले १४० ग्रॅम, खाली गेले ४५ टक्के
- ३०० मायक्रॉनवर उरले ११० ग्रॅम, खाली गेले ३४ टक्के
- १५० मायक्रॉनवर उरले ८० ग्रॅम, खाली गेले २६ टक्के
- पॅनमध्ये २६० ग्रॅम

आता हे वाचायचं कसं? आयएस ३८३ मध्ये काँक्रीटच्या वाळूचे चार झोन आहेत. झोन १ जाड, झोन ४ बारीक. झोन २ मध्ये ६०० मायक्रॉनमधून ३५ ते ५९ टक्के माल जायला हवा. आमचा ४५, म्हणजे अगदी मधोमध. वरच्या तीनही चाळण्यांवरचे आकडे झोन २ मध्येच बसतात. पण खाली बघा. १५० मायक्रॉनमधून नैसर्गिक वाळूला १० टक्क्यांपर्यंत आणि दगड फोडून केलेल्या वाळूला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आमचा आकडा २६. मानकातली थोडीफार सवलत धरली तरी हा माल बसत नाही.

७५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ किती, हे कोरडं चाळून नीट कळत नाही, कारण ती मोठ्या कणांना चिकटून बसते. त्यासाठी नमुना पाण्याने धुवावा लागतो. क्रश सँडसाठी मर्यादा १५ टक्के आहे. आमच्या मालात निघाली २१ टक्के! आणि ही मर्यादा काँक्रीटची आहे. प्लास्टरच्या वाळूसाठी आयएस १५४२ हे वेगळं मानक आहे. तिथे वाळू एकूणच बारीक चालते, पण धूळ नाही.

एक आकडा आणि त्याची फसवणूक

काँक्रीटवाल्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो, एफएम, म्हणजे फाइननेस मॉड्युलस. काढायला सोपा आहे. प्रत्येक चाळणीवर आणि तिच्या वर मिळून एकूण किती टक्के माल उरला ते लिहायचं, सगळे आकडे मिळवायचे आणि १०० ने भागायचं. आमच्या नमुन्यात ६, २४, ४१, ५५, ६६ आणि ७४. बेरीज २६६, म्हणजे एफएम २.६६. काँक्रीटच्या वाळूचा एफएम साधारण २.२ ते ३.२ च्या दरम्यान असतो. आमचा मस्त मधला!

म्हणजे एफएम पास, माल नापास. सरासरी आकडा शेपटी लपवतो. वर्गात दोघांना शंभर आणि दोघांना शून्य मिळालं तरी सरासरी पन्नासच येते, तसं आहे हे. म्हणून सप्लायरने नुसता एफएम सांगितला तर तेवढ्यावर थांबू नका. पूर्ण चाळणी अहवाल मागा आणि ७५ मायक्रॉनचा आकडा वेगळा विचारा.

असाच अजून एक शब्द म्हणजे डी-५०. वजनाने अर्धा माल ज्या मापापेक्षा बारीक आहे ते माप. आमच्या वाळूचं डी-५० पाऊण मिमीच्या आसपास येतं. डी-१० म्हणजे दहा टक्के माल ज्यापेक्षा बारीक आहे ते माप. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे जहाजावर लागणार आहेत.

पद्धत २: फोटोवरून मोजणी, इथेच मी आपटले

फोटोमध्ये एखादी माहितीची वस्तू ठेवायची, सॉफ्टवेअरला तिचं माप सांगायचं, मग ते प्रत्येक कणाची कड शोधून आकार काढतं. खाणींमध्ये स्फोटानंतरचे दगड मोजायला ही पद्धत बरीच वर्षं वापरात आहे. कॅनडातलं विपफ्रॅग हे त्यातलं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर. फुकट करून बघायचं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बनलेलं इमेजजे आहे. ते मूळचं सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोंसाठी, पण दगडांनाही चालतं. फोनमधला फोटो कॉम्प्युटरवर घ्या आणि वापरा.

मापासाठी जुनं कॉलेज ओळखपत्र किंवा मुदत संपलेलं कार्ड ठेवा. एटीएम कार्डाच्या मापाचं कार्ड ८५.६ मिमी लांब असतं. चालू एटीएम कार्ड मात्र फोटोत कधीच नको, हे वेगळं सांगायला नको. किंवा दहाचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिमी.

आता गणित करू. तुमचा फोन ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा असला तरी नेहमीच्या मोडमध्ये साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल. फोटोच्या रुंदीत ४०० मिमी जागा घेतली तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल येतात. कणाची कड नीट ओळखायला आडव्या रेषेत निदान १० पिक्सेल हवेत, असा मी ढोबळ नियम ठेवलाय. म्हणजे १ मिमीपेक्षा लहान कण विसरा. फोन जवळ नेऊन फक्त १०० मिमी जागा घेतली तर मिलिमीटरला ४० पिक्सेल मिळतात. तरी १५० मायक्रॉनचा कण फक्त ६ पिक्सेलचा आणि ७५ मायक्रॉनचा ३ पिक्सेलचा. जी धूळ भिंत फोडते ती फोनला दिसतच नाही! शिवाय ओल्या मालात ती मोठ्या कणांना लेप देऊन बसलेली असते.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. फोटो फक्त वरचा थर दाखवतो. फरसाणचा डबा आठवा. जाड गाठी वर आणि शेवेचा चुरा तळाला. डबा हलला की बारीक कण फटींमधून खाली उतरतात. शिळफाट्याच्या खड्ड्यांतून आलेल्या डंपरमध्ये हेच होतं. आणि डंपर उलटा केला की ढिगाऱ्यावरून मोठे दगड घरंगळत कडेला जातात, बारीक माल मधे राहतो. म्हणजे फोटो कुठून काढला यावर उत्तर बदलतं.

मग फोटो पद्धत टाकाऊ आहे का? अजिबात नाही. १० मिमी आणि २० मिमी खडीसाठी ती कामाची आहे. खडी एका थरात चादरीवर पसरा, फोन बरोबर वरून सपाट धरा, सावली पडू देऊ नका. लांब-चपटे तुकडे किती आहेत हेही त्यातून दिसतं, जे चाळणी नीट सांगत नाही.

पद्धत ३: लेझर

सिमेंट, रंग, औषधं यांची पूड चाळणीला दाद देत नाही. तिथे कणांवर लेझरचा झोत टाकतात. मोठा कण प्रकाश थोड्या कोनात वळवतो, लहान कण जास्त कोनात. कुठे किती प्रकाश पडला त्यावरून कॉम्प्युटर पूर्ण वितरण काढतो. मायक्रॉनपेक्षा लहान कणांपासून एक-दोन मिलिमीटरपर्यंतचं काम काही मिनिटांत होतं. पण मशीन महाग, आणि नमुना अगदी चिमूटभर. तो चुकीचा घेतला तर लाखो रुपयांचं मशीन अचूकपणे चुकीचं उत्तर देतं.

नमुना कसा घ्यायचा?

यंत्र कुठलंही असो, खरी गोष्ट इथेच ठरते.

- ढिगाऱ्याच्या एकाच जागेवरून घेऊ नका. वर, मधे, खाली आणि वेगवेगळ्या बाजूंनी घ्या. वरचा सुकलेला थर बाजूला सारून मग फावडं घाला.
- सगळं एकत्र करून नीट मिसळा, शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून चपटा करा.
- त्याचे भाकरीसारखे चार वाटे करा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका.
- उरलेलं पुन्हा मिसळा आणि हेच करत राहा, जोवर हवा तेवढा नमुना उरत नाही.
- पिशवी घट्ट बांधा. धूळ सांडली तर निकालही सांडला.

साइटवर करता येणारी बाटली चाचणी

लॅबचा अहवाल येईपर्यंत डंपर थांबत नाही. अशा वेळी मापाच्या खुणा असलेलं पारदर्शक भांडं घ्या. एक टक्का मिठाचं पाणी, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मीठ, ५० मिलीपर्यंत भरा. १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी चढेल एवढी वाळू घाला, मग पाणी १५० मिलीपर्यंत वाढवा. जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळू खाली बसते, धूळ-गाळाचा थर तिच्यावर. थराची जाडी वाळूच्या उंचीच्या किती टक्के आहे ते बघा. ही चाचणी निकाल देत नाही, इशारा देते. थर जाड दिसला तर माल उतरवण्याआधी बोला. मी आता हाच फोटो काढते, बाटलीचा! इथे कॅमेरा उपयोगी पडतो, कारण तारीख-वेळेसकट पुरावा राहतो.

अजून एक गंमत. आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये विकली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ओलसर वाळूत कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात, त्यामुळे तोच माल जास्त जागा व्यापतो. वाळू जितकी बारीक, तितकी ही फुगवटी जास्त. म्हणजे पावसाळ्यात मोजलेल्या ब्रासमध्ये खरी वाळू कमी असू शकते.

हाच प्रश्न जहाजावर जिवावर बेततो

आमची एक भिंत गेली. समुद्रात अख्खं जहाज जातं. गोव्यात लोहखनिज मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जने मुरगावला नेत, तिथून परदेशी. त्यातला बारीक माल म्हणजे फाइन्स. बारीक कणांमध्ये पाणी अडकून राहतं. जहाज लाटांवर हलतं, इंजिन थरथरतं, कण आवळले जातात आणि मधल्या पाण्यावर दाब येतो. एका क्षणी कण एकमेकांचा आधार सोडतात आणि घट्ट दिसणारा माल चिखलासारखा वाहायला लागतो. अलिबागच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत एकाच जागी पाय आपटत राहा, खालची जमीन लिबलिबीत होते, तेच हे. हजारो टन माल एका बाजूला सरकला की जहाज कलंडतं.

२००९ च्या पावसाळ्यात आपल्याच देशात हे घडलं. जुलैमध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ब्लॅक रोझ, दोन्ही जहाजांत लोहखनिजाचे फाइन्स होते, दोन्ही बुडाली. पुढे २ जानेवारी २०१५ ला व्हिएतनामजवळ बॉक्साइट भरलेलं बल्क ज्युपिटर बुडालं. १९ खलाशांपैकी एकच वाचला.

सुट्या घन मालाच्या सागरी वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आयएमएसबीसी कोड. ती १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहे. लोहखनिजाला धोकादायक फाइन्स कधी धरायचं, हे तिथे कणांच्या आकारावरच ठरतं. १० टक्के किंवा जास्त माल १ मिमीपेक्षा बारीक आणि ५० टक्के किंवा जास्त माल १० मिमीपेक्षा बारीक, या दोन्ही अटी लागू झाल्या की तो फाइन्स. बघा, डी-१० आणि डी-५० इथे आले. खनिजात गोएथाइट ३५ टक्के किंवा जास्त असेल तर सूट आहे. फाइन्स ठरला की त्यातला ओलावा ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

जहाजावर शंका आली तर कॅप्टनकडे एक साधी चाचणी असते. डबा अर्धा भरायचा, साधारण २० सेंटीमीटरवरून टणक जागेवर एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा आपटायचा. वर पाणी आलं किंवा माल पातळ झाला तर लॅबकडे पुन्हा पाठवायचा. आणि पाणी आलं नाही तरी माल सुरक्षित आहे असं त्यावरून ठरत नाही. आमच्या बाटलीसारखंच, इशारा देणारी, निकाल न देणारी चाचणी.

थोडक्यात, काय कधी वापरायचं?

- खडी, १० मिमी आणि वर: पसरून फोटो चालेल, वाद झाला तर चाळणी.
- वाळू: चाळणी अहवाल आणि ७५ मायक्रॉनची धुण्याची चाचणी. फोटोवर विसंबू नका.
- सिमेंट, रंग, पूड: लेझर.
- साइटवर पटकन: हातावर चोळणं आणि बाटली.
- लॅब निवडताना ती एनएबीएल मान्यताप्राप्त आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर तपासा. काही इंजिनिअरिंग कॉलेजांमध्येही अशा चाचण्या होतात.

मामा आता प्रत्येक डंपरला बाटली लावतो. परवा त्याने एक डंपर परत पाठवला. मला फोन करून म्हणाला, "तुझा मोबाइल नको, पण ती बाटलीची आयडिया बरी आहे." मी ते कौतुक समजून घेतलं. तुमच्याही घराचं किंवा सोसायटीचं काम निघालं, तर पहिला डंपर रिकामा होण्याआधी एक बाटली आणि चिमूटभर मीठ घेऊन खाली जा. तीन तास लागतील, पण भिंत वाचेल.